किनाऱ्यावरची गाडी : इंजिनाआधी सांगाडा पाहा

वरळी कोळीवाड्याच्या चिंचोळ्या गल्ल्यांत हातगाडी आणि दुचाकी यांपलीकडे फारसे वाहन शिरत नाही. किल्ल्याखालच्या शेवाळलेल्या खडकांवर तर चारही चाकांना जोर मिळणारी गाडीही घसरेल. तेथे गस्त पायीच घालावी लागते. दादर, गिरगावच्या वाळूची गोष्ट निराळी. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरल्यानंतर किनाऱ्यावरील गस्त हा गंभीर प्रश्न बनला. गस्त असो वा बुडणाऱ्याची सुटका, वाळूवर धावणारी गाडी निवडताना पहिला विचार चालकाच्या जिवाचा व्हायला हवा.

वाळूत चाक रुतते ते भार थोड्या जागेवर पडल्यामुळे. गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पोलादी पत्रे अंथरतात ते याचसाठी. कमी हवेचे रुंद टायर तेच काम करतात.

अशा गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एटीव्हीवर मोटारसायकलसारखे दोन्हीकडे पाय टाकून बसतात, हँडल धरतात आणि वळताना अंग झुकवून तोल सांभाळतात. दोन चाकांमधले अंतर कमी आणि बसणाऱ्याचे वजन उंचावर, त्यामुळे उतारावर ती कलंडू शकते आणि तिचे धूड चालकाच्याच अंगावर येते. एका माणसासाठी बनवलेल्या एटीव्हीवर मागे दुसऱ्याला बसवणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. तीनचाकी प्रकार तर इतका घातक ठरला, की अमेरिकेत १९८८मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीनंतर उत्पादकांनी त्याची विक्री थांबवली. ऑस्ट्रेलियाने २०२१पासून सर्वसाधारण वापराच्या नव्या चारचाकी एटीव्हींना चालकाचे रक्षण करणारी चौकट सक्तीची केली.

यूटीव्हीत शेजारी-शेजारी आसने, स्टिअरिंग, पट्टे आणि डोक्यावर पोलादी सांगाडा असतो; मागच्या हौद्यात साहित्यही राहते. म्हणून दोघांच्या गस्तीला हीच बरी. मात्र पट्टा न लावता बसणारा माणूस गाडी उलटताच बाहेर फेकला जातो आणि ज्याने वाचवायचे त्याच सांगाड्याखाली सापडतो. सवयीने हात-पाय बाहेर काढून बसणेही तितकेच धोक्याचे.

किमतीच्या बोलणीत नोंदणीचा विषय हटकून मागे पडतो. रस्त्यासाठी नोंदणी होत नसलेली गाडी एका चौपाटीवरून दुसरीकडे टेम्पोत घालूनच न्यावी लागते. शिवाय खारे पाणी सांगाड्याचे सांधे आणि ब्रेक खाते. रोज गोड्या पाण्याने धुण्याची सोय कोठे आहे, हे गाडी घेण्यापूर्वीच ठरवावे.