काचेत आटे पाडणारे कारागीर

अमेरिकेत 24 ऑक्टोबर 1861 रोजी तारायंत्राची तार थेट कॅलिफोर्नियापर्यंत पोचली. इतिहासाने नाव लक्षात ठेवलं ते मोर्सचं. पण ओल्या लाकडी खांबातून वीज जमिनीत उतरू नये म्हणून तार आणि खांब यांच्यामध्ये काचेची एक टोपी लागे, म्हणजे इन्सुलेटर. सुरुवातीच्या टोप्या आतून गुळगुळीत असत. डांबरात भिजवलेलं कापड गुंडाळून त्या खुंटीवर घट्ट बसवायच्या. वाऱ्याने तार हेलकावे खाऊ लागली, किंवा सखल जागच्या खांबावर तिचा ताण वरच्या बाजूला आला, की टोपी निसटून निघे. 25 जुलै 1865 रोजी न्यू यॉर्कच्या लुई कोव्हे या सुताराने पेटंट घेतलं: टोपीला आतून आटे पाडा, खुंटीला बाहेरून पाडा आणि फिरवून बसवा. ब्रुकलिनच्या ब्रुकफील्ड यांनी या पेटंटचे हक्क घेतले.

या शोधाचं श्रेय एकट्या कोव्हेला देणं मला अपुरं वाटतं. लाकडात आटे पाडणं सुताराच्या हातचं काम. वितळलेल्या काचेत ते पाडणं फार अवघड. लोखंडी साच्यात लालबुंद काचेचा गोळा पडतो आणि वरून आट्यांचा दट्ट्या दाबला जातो. काच गार होताना आक्रसते आणि दट्ट्याला घट्ट धरते. तो उशिरा काढावा, तर टोपी तडकते. घाईने काढावा, तर मऊ आटे ढासळतात. मधल्या मोजक्या क्षणांत, एकही आटा न दुखावता, तो उलटा फिरवून बाहेर यायला हवा. पुढे मंद आचेच्या भट्टीत टोपी सावकाश निवू द्यायची, नाहीतर आतल्या ताणाने ती आपोआप फुटते.

यावर कोणी म्हणेल, काच साच्यात दाबण्याची यंत्रं अमेरिकेत 1820 च्या दशकापासून होतीच, मग नवं काय? नवं हे, की बशीवरून दट्ट्या सरळ वर उचलता येतो, आट्यांतून येत नाही. कारखानदारांना हा फरक नेमका ठाऊक होता. हेमिंग्रे कंपनीच्या असंख्य इन्सुलेटरांवर 19 डिसेंबर 1871 ही तारीख उठवलेली दिसते. ती रॉबर्ट हेमिंग्रे यांच्या पेटंटची तारीख आहे, आणि ते पेटंट इन्सुलेटर साच्यात घडवण्याच्या पद्धतीचं होतं. वस्तू घडवण्याची रीत त्या वस्तूवरच मिरवावीशी वाटली, यातच तिचं मोल कळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युरोपने चिनी मातीच्या इन्सुलेटरवर भागवलं, तेव्हा काच अपरिहार्य नव्हती. खरं आहे, आणि जास्त दाबाच्या विजेसाठी पुढे अमेरिकेतही चिनी मातीच वापरात आली. पण तारायंत्राला आणि टेलिफोनला अफाट संख्येने स्वस्त टोप्या हव्या होत्या. साचा आणि दाबयंत्र यांच्यामुळे त्या काचेच्या मिळाल्या.

तरी साचे करणाऱ्यांची नावं मागेच राहिली. होमर ब्रूक हा त्यांतलाच एक. काचेचे साचे आणि इन्सुलेटरची दाबयंत्रं यांत त्याची हयात गेली. त्याच ब्रूकने 1903 मध्ये वितळलेल्या काचेची धार आपोआप साच्यात सोडणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. काच उद्योगाच्या इतिहासात त्याला कोव्हेच्या बरोबरीची जागा मिळायला हवी.