साच्याविना विमानाचे धड

अमेरिकेत कित्येक हौशी मंडळी घरच्या गॅरेजमध्ये खरेखुरे, माणसे घेऊन उडणारे विमान बांधतात. त्यांची मोठी अडचण म्हणजे गोलाई. फायबरग्लासला हवा तो आकार द्यायचा तर साचा लागतो, आणि एकाच विमानासाठी साचा कोण करणार? कॅलिफोर्नियातील मोहावीच्या बर्ट रुटान यांनी साचाच काढून टाकला. १९७५ साली उडालेल्या त्यांच्या 'व्हॅरिइझ' विमानात हलका फोम कोरून त्यावर काचतंतूंचे कापड अंथरले होते आणि त्यात इपॉक्सी मुरवली होती. आकार देणारा फोम आतच राहतो व दोन्ही बाजूंच्या कवचांना एकमेकांपासून दूर धरतो. ताण आणि दाब सोसतात ती कवचे.

फोम कोणता, याला महत्त्व आहे. थर्मोकोलच्या जातीचा पॉलिस्टायरिन फोम तापलेल्या तारेने लोण्यासारखा कापता येतो, पण पेट्रोलमध्ये विरघळतो. युरेथेन फोम पेट्रोलला दाद देत नाही आणि सुरी व काचपेपरने छान कोरता येतो. मात्र त्याला तापलेली तार कधीच लावायची नाही. त्यातून विषारी वायू निघतात.

आता कापड. वर्गात एक रुमाल घ्या. धाग्यांच्या दिशेने ओढला तर तो ताणला जात नाही, कोपऱ्याकडून तिरका ओढला तर सहज लांबतो. म्हणूनच तिरके अंथरलेले कापड गोलाईवर सुरकुत्या न पडता बसते. गंमत अशी, की इपॉक्सी घट्ट झाल्यावर हेच तिरके धागे धडाला पिळापासून वाचवतात! इपॉक्सी जास्त घातली तर बळकटी वाढत नाही, वजन तेवढे वाढते. म्हणून फोमची छिद्रे नुसत्या इपॉक्सीने न भरता तीत काचेचे सूक्ष्म पोकळ मणी कालवून भरतात.

पृष्ठभाग गुळगुळीत करताना मोह होतो तो उंचवटे घासण्याचा. पण तेथे घासले जातात ते भार पेलणारे तंतू. खळगे त्याच मण्यांच्या लगद्याने भरायचे आणि घासायचा तो फक्त लगदा.

आमच्या मते खरी कसोटी लागते ती सांध्यांत. घट्ट झालेल्या इपॉक्सीवर नवा थर दिला, तर दोघांत रासायनिक बंध जवळजवळ होत नाही. नवा थर जुन्याच्या खडबडीतपणालाच धरून राहतो. त्यामुळे जोडायची जागा चकाकी पूर्ण जाईपर्यंत घासावी लागते. चकाकी राहिलेला सांधा दिसायला निर्दोष असतो आणि हवेत सुटू शकतो. दुसरा उपाय असा, की ओल्या थरावर पॉलिएस्टर कापडाची पट्टी ठेवायची आणि थर वाळल्यावर ती सोलून काढायची. खाली खरखरीत पृष्ठ तयार मिळते. कवच आतून सुटले आहे का, हे नाण्याने टिचकावून कळते: चिकटलेल्या जागी खणखणीत आवाज, सुटलेल्या जागी बद्द.

उन्हात गडद रंग फार तापतो आणि तापलेली इपॉक्सी मऊ पडू लागते. म्हणून ही विमाने बहुधा पांढरीच रंगवतात.