जालन्यात फॅशन एडिटोरियल: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

फॅशन डिझाइनच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी पोर्टफोलिओची वेळ आली, की ‘एक तरी एडिटोरियल हवं’ असं सांगितलं जातं. मग कुणी मैत्रिणीला साडी नेसवून तलावाकाठी उभं करतं, कुणी प्री-वेडिंगवाल्या फोटोग्राफरला गाठतं. फोटो छान येतात, पण ते एडिटोरियल होत नाहीत. कॅटलॉग कपडा विकण्यासाठी असतो आणि लूकबुक संग्रह दाखवण्यासाठी. एडिटोरियलमध्ये सहा, आठ किंवा दहा फोटो मिळून एकच गोष्ट सांगतात आणि ती सांगण्याचं काम मुख्यतः कपडे करतात. या कामाबद्दलच्या बऱ्याच समजुती मुंबईच्या मासिकांकडे लांबून पाहून तयार झाल्या आहेत. नवीन जालन्यात बसून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या एकेक करून तपासू.

गैरसमज : फोटो आधी काढायचे, गोष्ट नंतर कॅप्शनमध्ये लिहायची.

वस्तुस्थिती : कॅप्शन वाचल्याशिवाय गोष्ट कळत नसेल, तर ती फोटोंत नाहीच. गोष्टीला फार मोठं नाट्य लागत नाही. पहिल्या आणि शेवटच्या फोटोच्या मध्ये काहीतरी बदलावं लागतं, आणि तो बदल कपड्यात दिसावा लागतो.

जालन्यातलंच उदाहरण घेऊ. २०१८ साली इथल्या बाजार समितीत रेशीम कोषांची खुली बाजारपेठ सुरू झाली. महाराष्ट्रातली ही पहिलीच. तोवर मराठवाड्यातले शेतकरी कोष विकायला थेट कर्नाटकात, रामनगरला जात. आता समजा, एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. वडिलांबरोबर ती कोषांची पोती घेऊन बाजारात येते आणि हळूहळू सगळा व्यवहार स्वतःच्या हातात घेते. पहिल्या फोटोत ती टेम्पोत पोत्यांशेजारी बसली आहे. अंगात वडिलांचा पांढरा सदरा, खांद्यावरून ओघळणारा, बाह्या चार घड्या घालून वर केलेल्या. तिसऱ्या फोटोत सदरा तोच, पण कमरेला पट्टा आहे आणि खिशाला पेन. पाचव्यात ती लिलावात उभी आहे आणि बाह्या नेमक्या मनगटापर्यंत आल्या आहेत. शेवटच्या फोटोत तोच सदरा कापून, नव्याने शिवून, आतून रेशमी अस्तर लावलेलं अंगासरशी बसणारं जाकीट झाला आहे. एकही शब्द न लिहिता गोष्ट कळते, कारण सदऱ्याचं माप बदलत गेलं.

हे सगळं कॅमेरा हातात घेण्याआधी कागदावर ठरतं. प्रत्येक फोटोसाठी एक ओळ लिहा: कपडा कोणता, जागा कोणती, आधीच्या फोटोपेक्षा काय बदललं. जिथे बदल लिहिता येत नाही, तो फोटो यादीतून काढा.

गैरसमज : एडिटोरियलला ब्रँडेड कपडे लागतात.

वस्तुस्थिती : वरच्या गोष्टीतला मुख्य कपडा घरच्या कपाटातला आहे. स्टायलिस्टचं काम कपडा निवडणं, तो अंगावर बसवणं आणि परत करेपर्यंत सांभाळणं. सैल कपडा कॅमेऱ्यासमोर नेटका दिसावा म्हणून पाठीमागून क्लिपा लावून आवळतात. फोटोत पाठ दिसत नसली की काम झालं. इस्त्री, सेफ्टी पिना, सुई-दोरा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, तेलकट डागासाठी टाल्कम पावडर आणि उसन्या चपलांच्या तळव्याला लावायला चिकटपट्टी, एवढी पिशवी भरली की अर्धी लढाई जिंकली.

बाकीच्या गोष्टी शहरातच मिळतात. नवरीचे दागिने भाड्याने देणारे असतात, ओळखीचे टेलर असतात, आजीची ट्रंक असते. दुकानातून कपडा आणताना मात्र एका कागदावर वस्तू, तिची आजची अवस्था आणि परत करायची तारीख लिहून दोघांनी सही करावी. पुढच्या बॅचलाही त्या दुकानाचं दार उघडं राहतं.

गैरसमज : जालन्यात लोकेशनच नाही.

वस्तुस्थिती : सप्टेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश ‘व्होग’ने सेसिल बीटन यांचा एक फोटो छापला. जर्मन बाँबफेकीत उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या मिडल टेंपलमध्ये नेटका सूट घातलेली स्त्री पाठमोरी उभी आहे. फॅशन फोटोग्राफीच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या फोटोंत त्याची गणना होते. त्याचं लोकेशन म्हणजे विटामातीचा ढिगारा, पण त्या ढिगाऱ्यामुळेच सुटाला अर्थ आला.

जागेचं सौंदर्य दुय्यम असतं. गोष्टीला ती जागा का हवी, हे आधी ठरतं. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण इथल्या व्यापारावरून पडली आणि तो व्यापार अजून डोळ्यांसमोर आहे: मोंढा, सराफा, फूल बाजार, स्टीलच्या रोलिंग मिल, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबीच्या बागा. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आणि दुसऱ्या काठाला नवीन जालना आहे. नदी ओलांडणं हाच एखाद्या गोष्टीतला बदल होऊ शकतो. लोखंडाच्या गंजाचा तांबूस रंग आणि कोषाचा पांढुरका रंग, एवढ्या दोन छटांत अख्खी रंगसंगती बसते.

गैरसमज : गरिबी ‘रॉ’ दिसते, रस्त्यावरची माणसं म्हणजे फुकटचं नेपथ्य.

वस्तुस्थिती : ही चूक मोठ्यांनीही केली आहे. ऑगस्ट २००८ च्या ‘व्होग इंडिया’त सामान्य, गरीब दिसणाऱ्या माणसांच्या अंगावर महागड्या वस्तू घालून काढलेले फोटो आले. एका बाळाच्या गळ्यात फेंडीचं लाळेरं होतं, त्याची किंमत सुमारे १०० डॉलर. अनवाणी माणसाच्या हातात सुमारे २०० डॉलरची बर्बेरीची छत्री होती. टीका झाली आणि जगभरच्या वृत्तपत्रांत गाजली. त्यातला सर्वांत बोचरा मुद्दा असा की कॅप्शनमध्ये ब्रँडची नावं होती, माणसांची नव्हती.

मोंढ्यातल्या हमालाला किंवा भाजीवालीला फ्रेममध्ये घ्यायचं तर आधी विचारा, फोटो दाखवा, त्यांच्या संमतीने नाव लिहा, आणि त्यांचा वेळ घेतला तर त्याचे पैसे द्या. ‘नाही’ म्हटलं तर पुढे चला. हाच नियम पोशाखालाही लागतो. जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत. आरसेकाम आणि भरतकामाचे फेटिया-कांचळी फोटोत उठून दिसतात म्हणून कुणीही अंगावर चढवायचे, हे बरोबर नाही. गोष्ट बंजारा मुलीची असेल, तर समोर आणि शक्यतो कॅमेऱ्यामागेही त्या समाजातलं कुणी असावं. कुठला दागिना कोण आणि केव्हा घालतं, हे तांड्यातल्या आजींकडून समजून घेऊनच कपडे निवडावेत.

गैरसमज : डीएसएलआर आणि स्टुडिओ लाइटशिवाय काम होत नाही.

वस्तुस्थिती : २०१७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने आपापल्या क्षेत्रात पहिल्या ठरलेल्या ४६ स्त्रियांवर ‘फर्स्ट्स’ हा प्रकल्प केला. ब्राझीलच्या फोटोग्राफर लुइसा डोर यांनी त्यातले सगळे फोटो आयफोनवर काढले आणि त्यांतले काही मुखपृष्ठांवरही छापले गेले. हिशोबही सोपा आहे. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४०३२ × ३०२४ पिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल या छपाईच्या मापाने तो सुमारे साडेतेरा बाय दहा इंच भरतो. ए-फोर पानाला एवढं पुरून उरतं. फोटो पाठवताना मात्र व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो. आणि फोन चेहऱ्याच्या फार जवळ नेऊ नका. नाक आणि हात प्रमाणाबाहेर मोठे दिसतात.

खरा खर्च वेळेचा आहे. डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पाऊण तासात क्षितिजापासून जवळपास दहा अंश वर येतो. मऊ, तिरपा उजेड एवढाच वेळ मिळतो. म्हणजे मेकअप आणि इस्त्री साडेसहापर्यंत आटोपलेली हवी. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तर दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो. तेव्हा उघड्यावर फोटो काढला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्या वेळी कादराबादच्या अरुंद गल्लीतली सावली गाठा आणि फ्लेक्सच्या दुकानातला पांढरा सनबोर्ड चेहऱ्यासमोर खालून धरा. रिफ्लेक्टरचं काम तो करतो.

गैरसमज : राहिलेलं एडिटिंगमध्ये बघू.

वस्तुस्थिती : एडिटिंगमध्ये रंग जुळवता येतो, डाग पुसता येतो. न केलेली इस्त्री, चुकीची चप्पल किंवा आठपैकी दोन फोटोंत राहून गेलेलं मनगटी घड्याळ दुरुस्त करायला मात्र रात्री घालवाव्या लागतात. प्रत्येक लूक पूर्ण झाला की फोनवर एक साधा पूर्णाकृती फोटो काढून ठेवा. पुढच्या फोटोआधी त्याच्याशी ताडून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

गैरसमज : फोटोत जी आहे, फोटो तिचाच. आणि सार्वजनिक जागेला परवानगी कशाला?

वस्तुस्थिती : १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला हक्क साधारणपणे तो काढणाऱ्याचा असतो. कुणी मोबदला देऊन काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क मोबदला देणाऱ्याकडे जातो. मैत्रीखातर जमलेल्या विद्यार्थ्यांच्या टीममध्ये पैसा फिरत नाही, म्हणून फोटो कुठे वापरायचे आणि श्रेय कसं लिहायचं, हे आधीच चार ओळींत लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. मॉडेल अठरा वर्षांखालची असेल, तर पालकांची सही घ्यावी. बाजार समिती, मिल, बाग, मंदिर यांची लेखी परवानगी कॉलेजच्या पत्रावर मागितली की सहसा काम सोपं होतं. रेल्वे स्थानकात अशा शूटसाठी रेल्वेची परवानगी आधी घ्यावी लागते.

सबमिशनच्या आधी एक परीक्षा स्वतःच घ्या. निवडलेले फोटो छापा, पत्त्यांसारखे पिसा, आणि या कामाशी संबंध नसलेल्या कुणाला तरी क्रमाने लावायला सांगा. घरातले काका, मेसच्या मावशी, कुणीही चालेल. त्यांनी काहीही न विचारता योग्य क्रम लावला, तर काम जमलं. दोन फोटोंपाशी अडखळले, तर त्या दोन फोटोंतले कपडे पुन्हा निवडायचे आहेत. कॅप्शन मात्र वाढवू नका.