कासवाच्या पाठीला स्पर्श कळतो का?

देवदर्शनास जाताना गाभाऱ्यासमोरचे दगडी कासव कोणी पाहिले नाही? ते पाहून पाहूनच की काय, जिवंत कासवाची पाठही दगडासारखी निर्जीव असावी, असा पुष्कळांचा समज असतो. मुले तिच्यावर टिचक्या मारतात, हौशी मंडळी रंग फासतात, आणि ‘त्याला काय कळते!’ असे म्हणून वडीलधारेही हसून सोडून देतात. वास्तविक काय आहे, ते आपण पाहू.

शंखात राहणारा खेकडा जुने घर टाकून नव्या घरात शिरतो. कासवाला ते शक्य नाही. कारण त्याची ढाल हे अंगावर घेतलेले घर नसून त्याच्या सांगाड्याचाच भाग आहे. त्याच्या फासळ्या रुंद होऊन एकमेकींना भिडलेल्या असतात आणि पाठीचा कणा त्यांच्याशी एकजीव झालेला असतो. पाठीची व पोटाची ढाल मिळून ५०हून अधिक हाडे भरतात. या हाडांवर केराटिन नावाच्या शिंगासारख्या द्रव्याचे खवले असतात. आपली नखेही त्याच जातीच्या द्रव्याची.

नखाचेच उदाहरण घ्या. वाढलेले नख कापताना वेदना होत नाही. परंतु नखावर काडी टेकली तरी आपल्याला समजते, आणि खिळा ठोकताना हातोडी बोटावर बसली तर डोळ्यांत पाणी उभे राहते. संवेदना नखात नसते, नखाखाली असते. कासवाचेही तसेच आहे. खवल्यांखाली जिवंत त्वचेचा पातळ थर आणि त्याखाली जिवंत हाड. दोहोंत रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत. म्हणून पाठ हळूच घासली असता काही कासवे मागचा भाग डोलवितात, तर काही अंग आखडून घेतात. ढाल फुटली तर रक्त येते, वेदना होतात, आणि ती भरून येण्यास कित्येक महिने, प्रसंगी वर्षही लागते. ती सांधताना पशुवैद्य वेदनाशामक औषध देतात, ते उगाच नव्हे.

इंग्लंडात एके काळी पाळीव कासवाच्या ढालीच्या कडेला भोक पाडून, त्यात दोरी ओवून, त्यास बागेत बांधून ठेवीत. कासव ओरडत नाही, एवढ्यावरून त्यास दुखत नाही असे लोकांनी ठरविले होते. मान आत ओढून घेणे हीच त्याची तक्रार. ती ओळखणारा मात्र विरळा.

आपल्याकडील तारा-कासव घरी पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे अनेक घरांत ठाऊक नसते. तेव्हा वाचकहो, शेतात वा विहिरीपाशी कासव दिसले, तर मुलांना ते अवश्य दाखवावे. मात्र त्यावर उभे राहू देऊ नये, रंग लावू देऊ नये, उलथे करू देऊ नये. जखमी आढळल्यास वनखात्यास कळवावे. पाठ कठीण असली तरी ती त्याच्या अंगाचीच आहे, एवढे मुलांना उमगले तरी पुरे.