शंकरपट पाहायला जाताय? बैलाच्या शेपटीकडे बघा

परवा धामणगाव बढेहून आम्ही तिघं मित्र शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहायला गेलो. जोडी सुटली की अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू! जोडी हाकणारा धुरकरी छकड्यावर जेमतेम टेकलेला, अन् काही सेकंदांत खेळ खलास.

पण एका बैलाच्या शेपटीवर ताज्या जखमा दिसल्या. वेगासाठी शेपटी पिरगाळतात, चावतातसुद्धा. मन खट्टू झालं.

अशाच छळामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला.

अटी कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, धाव एक हजार मीटरच्या आत. काठी, चाबूक, विजेचा झटका बंद. मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

माझं मत? पट राहावा. पण पोळ्याला ज्याच्या खांद्याला आपण हळद-तूप लावतो, त्यालाच आर टोचणाऱ्याची जोडी जागेवर बाद व्हावी.

तुमच्याकडच्या पटात डॉक्टर खरंच तपासतात का? सांगा. नियमांबद्दल काही शंका असेल तर बिनधास्त विचारा.