परसदार अडते तेव्हा

सौंसरजवळच्या बोरगावात श्रावणाची झड लागली, की परसदार चौकटीत अडते. मग सुताराच्या रंध्याची आठवण होते. आमचे मत असे, की तेव्हा रंधा मुळीच मारू नये. लाकूड ओल पिऊन रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. श्रावणात तासलेले दार वैशाखात आकसते, आणि फटीतून विंचूही खुशाल आत येतो!

आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहावेत. ते ढिले असल्यास दार कलून उंबरठ्याला घासते. कडेला मेणबत्तीचा तुकडा चोळून पावसाळा निभवावा. दिवाळीनंतरही अडलेच, तर तेवढेच तासावे व जवसाचे तेल पाजावे, विशेषतः फळ्यांच्या टोकांना. ओल तेथूनच अधिक शिरते.