अ‍ॅमस्टरडॅम सायकलींचे शहर कसे झाले?

सकाळचे आठ वाजले आहेत. पावसाची भुरभुर सुरू आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकामागे पलीकडच्या तीरावरून आलेली बोट धक्क्याला लागते, पुढची फळी खाली येते आणि सायकलींचा लोंढा बाहेर पडतो. त्यात टाय लावलेला बँक कर्मचारी असतो, पुढच्या लाकडी पेटीत दोन मुले बसवून शाळेकडे निघालेली आई असते, एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने हँडल सांभाळणारी विद्यार्थिनी असते आणि सत्तरी ओलांडलेले आजोबाही असतात. कोणाच्याही अंगावर खेळाडूचा पोशाख नाही. व्यायाम किंवा पर्यावरणरक्षण हा यांतील बहुतेकांचा हेतू नसतो. त्यांना फक्त वेळेवर पोहोचायचे असते. या बोटीला सायकलस्वारांकडून तिकीटही घेतले जात नाही.

नऊ लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरात सायकलींची संख्याही जवळपास तितकीच असल्याचा अंदाज आहे. हे दृश्य पाहणाऱ्या परदेशी पाहुण्याला वाटते, की जमीन सपाट, शहर आटोपशीर, त्यामुळे लोक सायकल चालवणारच. सपाट जमिनीचा फायदा आहे, यात शंका नाही. परंतु १९६० च्या दशकातही ही जमीन सपाटच होती आणि तेव्हा याच शहरातून सायकल हद्दपार होऊ लागली होती.

मोटारींचे दिवस

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये समृद्धी आली आणि तिच्याबरोबर मोटारीही आल्या. अ‍ॅमस्टरडॅममधील जुने चौक वाहनतळ बनले. शहराला मोटारींच्या मापाने कापून घेण्याचे बेत आखले जाऊ लागले. १९६७ मध्ये डेव्हिड योकिनेन या अमेरिकी वाहतूकतज्ज्ञाने मांडलेल्या आराखड्यात तर कामगारांच्या जुन्या वस्त्या पाडून थेट शहराच्या मध्यापर्यंत रुंद महामार्ग नेण्याची कल्पना होती. सायकल ही गरिबीच्या काळातील वस्तू असून ती आपोआप नाहीशी होईल, असे अनेकांना वाटत होते.

या प्रगतीची किंमत लवकरच दिसू लागली. १९७१ या एका वर्षात सुमारे एक कोटी ३० लाख लोकसंख्येच्या या देशात जवळपास ३,३०० माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी त्याच वर्षी अपघातात गेली. १९७२ मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका संतप्त लेखातून पालकांची चळवळ उभी राहिली. तिचे नाव होते ‘बालहत्या थांबवा’. रस्त्यावरील मृत्यूला ‘अपघात’ म्हणून सोडून न देता ‘हत्या’ म्हणणे, हीच या चळवळीची खरी ताकद ठरली. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘पाइप’ या दाट वस्तीतील मुलांनी आपल्या गल्लीत खेळायला जागा मिळावी म्हणून मोटारींविरुद्ध मोहीम उघडली. ती दूरचित्रवाणीवरून देशभर पोहोचली.

पुढच्याच वर्षी अरब राष्ट्रांनी नेदरलँड्सचा तेलपुरवठा रोखला. इंधन वाचवण्यासाठी सरकारने ४ नोव्हेंबर १९७३ पासून सुमारे दोन महिने रविवारी मोटारींना बंदी घातली. त्या रविवारी ओस पडलेल्या महामार्गांवर माणसे सायकली घेऊन उतरली आणि मोटारींविना रस्ता कसा दिसतो, हे एका पिढीने प्रथमच अनुभवले. १९७५ मध्ये सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. हजारोंचे सायकल मोर्चे निघू लागले. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९७८ च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या नगर प्रशासनाने मोटारींना आवर घालून सायकलींना जागा देण्याचे धोरण स्वीकारले. त्याची फळे दिसायला मात्र पुढची दोन-तीन दशके जावी लागली.

रचना आणि कायदा

या धोरणाचा गाभा साधा आहे. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून रस्ता असा बांधायचा की त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये. मोठ्या रस्त्यांवर लालसर डांबराचा सायकल मार्ग कठडा घालून वेगळा काढलेला असतो. अनेक ठिकाणी उभ्या मोटारींची रांग सायकलस्वार आणि धावती वाहने यांच्यामध्ये येते. चौकाच्या कोपऱ्यांवर छोटी बेटे बांधलेली असतात. त्यामुळे वळणाऱ्या मोटारीला वेग कमी करावाच लागतो आणि सायकलस्वार चालकाच्या थेट नजरेसमोर येतो. गल्लीबोळांत वेगळा मार्ग नसतो. तेथे मोटारीचाच वेग उतरवला जातो. ८ डिसेंबर २०२३ पासून शहरातील बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागू झाली आहे.

कायदाही दुबळ्याच्या बाजूने झुकलेला आहे. मोटार आणि सायकल यांची टक्कर झाल्यास नुकसानभरपाईचा भार प्रामुख्याने मोटारमालकावर, म्हणजे व्यवहारात त्याच्या विम्यावर येतो. जखमी मूल १४ वर्षांखालील असेल, तर त्याची चूक असली तरी सहसा पूर्ण भरपाई मिळते. दुसरीकडे सायकलस्वारालाही शिस्त आहे. शाळेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांची वाहतूक नियमांची परीक्षा होते आणि अनेक ठिकाणी ती प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून द्यावी लागते. जुलै २०१९ पासून सायकल चालवताना मोबाइल हातात धरण्यास बंदी आहे.

यशाच्या अडचणी

अर्थात सारे काही आलबेल आहे, असे नाही. चोऱ्या इतक्या होतात, की जुन्या खटाऱ्यालाही जाडजूड साखळी बांधावी लागते. कालव्यांच्या तळातून दरवर्षी १२ ते १५ हजार सायकली उपसून काढल्या जातात. सायकली लावायच्या कोठे, हा प्रश्न तर कायमचाच. त्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये मध्यवर्ती स्थानकासमोर चक्क पाण्याखाली सात हजार सायकलींचा तळ खुला झाला. तेथे पहिले २४ तास पैसे पडत नाहीत.

अधिक गंभीर बाब वेगळीच आहे. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील रस्त्यांवर ७४५ जण मृत्युमुखी पडले. १९७१ च्या तुलनेत ही घट प्रचंड आहे. परंतु त्यांतील २९१ जण सायकलस्वार होते, म्हणजे मोटारीत बसलेल्यांपेक्षाही अधिक. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. विजेवर चालणाऱ्या सायकलींमुळे उतारवयातही लांबचे अंतर कापता येते, पण वेग वाढला की पडण्याची दुखापतही वाढते. त्यातच जाड चाकांच्या वेगवान विद्युत सायकली त्याच अरुंद मार्गावरून मुसंडी मारू लागल्या आहेत. साध्या सायकलीवर हेल्मेटची सक्ती नसल्याने तो वादही रंगला आहे.

१९७२ मध्ये ‘पाइप’ वस्तीत खेळायला जागा मागणारी मुले आज साठीत आहेत. त्यांच्या हट्टातून घडलेल्या रस्त्यांवरून त्यांची नातवंडे निर्धास्तपणे शाळेत जातात. आता त्याच रस्त्यांना त्या आजी-आजोबांच्या म्हातारपणालाही सांभाळून घ्यायचे आहे.